कार्डावरचं ‘पाहिलं’

सर,

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. परवा डॉक्टरांनी गॉगल काढला, थेंब बंद केले आणि म्हणाले, आजी, आता बारीक अक्षर वाचा बिनधास्त. माझ्या घरात बारीक अक्षर दोनच ठिकाणी आहे, औषधांच्या पाकिटांवर आणि तुमच्या टिपणांच्या कार्डांवर. औषधं मला पाठ आहेत. म्हणून शेजारच्या मुलीकडून कपाटावरची पेटी खाली काढून घेतली. तीच ती बिस्किटांची पत्र्याची पेटी, झाकण एका बाजूने अजून अडकतं. आत साडेचारशे कार्डं आहेत, त्यांतली निम्मी माझ्या हस्ताक्षरातली. मला हवं होतं ते एकच, आणि ते कुठे आहे हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तरी मी पहिल्यापासून एकेक उलटत गेले. नको त्या माणसाच्या घरी जाताना लांबचा रस्ता धरतात, तसं झालं.

तुम्ही गेलात त्याला आता किती वर्षं झाली ते मोजत नाही. तुमच्या वयाच्या कितीतरी पुढे निघून आले मी. तुम्ही पनवेलच्या शाळेत इंग्रजी आणि संस्कृत शिकवायचात, आणि मी खाडीकाठच्या गावातून तासभर चालत यायचे. आमच्या वर्गात आम्ही तीनच मुली होतो, त्यांत आगरी घरातली मी एकटी. पुण्याहून आलेला, शुद्ध बोलणारा, कोटाची सगळी बटणं लावणारा मास्तर आमच्याकडे बघून नाक मुरडणार अशी माझी खात्री होती. मी आधीच फणा काढून बसले होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, पाणी अडवायला शेताभोवती मातीचं घालतात, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात? मी ताडकन म्हटलं, “बांद.” वर्ग फसकन हसला, कारण पुस्तकात बांध होता. तुम्ही नाही हसलात. फळ्याकडे वळून तुम्ही लिहिलंत, ‘बांद’, आणि म्हणालात, “दीड हजार वर्षांपूर्वी गॉथ नावाचे लोक होते. ‘त्याने बांधलं’ म्हणायचं असलं की ते नेमकं हेच म्हणायचे. बांद.” मग माझं तोंड उघडंच राहिलेलं पाहून घाईने पुढे म्हणालात, “पण हा योगायोग आहे हं. क्रियापद एकाच कुळातलं, पण उच्चार जुळला तो योगायोग. पुरावा नाही. खूश होऊ नकोस.” सर, मी खूश झाले होते. घरी जाऊन आईला सांगितलं की साहेबाचे पूर्वजपण आपल्यासारखेच बोलायचे. आई म्हणाली, “बोलनारच. बांद काय त्यांच्या बापाचा हाय?”

ते एक क्रियापद तुमचा ध्यास होता. इंग्रजी, जर्मन, गॉथिक या सगळ्यांची एक आई होती, आणि त्या आईने स्वतः लिहून ठेवलेलं जवळजवळ काहीच हाती नाही. लेकींच्या बोलण्यावरून आईचं बोलणं ओळखायचं, हे तुमचं काम. संस्कृतचा बन्ध् आणि त्यांचा ‘बांधणे’ दोन्ही त्याहून जुन्या एकाच आजीच्या पोटचे. तुम्ही तुमच्या घराच्या ओट्यावर बसून ते चालवून दाखवायचात, आम्ही ‘देवः देवौ देवाः’ म्हणायचो तसंच, मांडीवर ताल धरून: बिंदो, मी बांधतो. बांद, मी बांधलं. बुंदुम, आम्ही बांधलं. बुंदनाझ, बांधलेलं. “बघ,” तुम्ही म्हणायचात, “काळ दाखवायला मागे काही चिकटवलेलं नाही. आतला स्वर फिरला की काळ फिरला. इ, अ, उ. अशा क्रियापदांना ते लोक सबळ म्हणतात, कारण त्यांना बाहेरून आधार लागत नाही.” मी विचारलं, मग आपल्या संस्कृतात हे का दिसत नाही? तुम्ही इतके खूश झालात की चहाचा कप लवंडला. म्हणालात, जुने ए आणि ओ आपल्याकडे दोन्ही अ होऊन बसले, म्हणून आपल्याला फरकच ऐकू येत नाही. आणि ‘बद्ध’ मधला न गिळला गेला, तिकडे त्याच जागी ‘उन्’ उरला. जे आपण गिळलं ते त्यांनी ठेवलं, जे त्यांनी हरवलं ते आपण. मला त्यातलं अर्धं कळलं. पण एका माणसाला एवढ्याशा न बद्दल एवढा आनंद होऊ शकतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर ट्रेनिंग कॉलेजची जागा मिळेपर्यंत वर्षभर मी तुमच्याकडे कार्डं लिहायला यायला लागले. तुमचा प्रबंध मुंबईला द्यायचा होता. तो मान्य झाला तर तिथल्या एका कॉलेजात तुमची जागा पक्की होती, पत्रच आलं होतं तसं. तुमचं वय पन्नाशीला टेकलेलं. पाचवीच्या पोरांकडून ‘कॅट मॅट रॅट’ घोकून घेताना तुमच्या चेहऱ्यावर काय उतरायचं ते आम्ही सगळेच पाहायचो. तुमच्या घरी काकूंनी तर ट्रंकेला नवीन कडी बसवून घेतली होती. स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून त्या गरम भाकरी वाढायच्या, स्वतःच्या घरच्या ताटात, आणि सांगायच्या, “मुंबईला गेलो की तू आमच्याचकडे उतरायचं.” म्हणजे मला ठाऊक होतं, सर. काय पणाला लागलंय हे मला नीट ठाऊक होतं.

तुमचे कार्डांचे नियमही पाठ होते. जे रूप कुणी लिहिलेलं सापडत नाही, नुसतं तर्काने काढलंय, त्याच्या आधी लाल पेन्सिलीने चांदणी. जे दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं पण मूळ पान बघितलं नाही, त्याच्याखाली ‘ऐकीव’. आणि ज्याचं मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्याच्याखाली उजव्या कोपऱ्यात ‘पाहिलं’, तारीख आणि सही. एकदा मी एका कार्डावर चांदणी विसरले, तेव्हा तुम्ही ते माझ्यासमोर फाडलंत. ओरडला नाहीत. नुसतं म्हणालात, “चांदणी लावायला लाज वाटू नये. लाज असलीच तर ती चोरण्यात आहे. पुन्हा लिही.” मी खाली मान घालून पुन्हा लिहिलं आणि मनात तुम्हाला चार शिव्या दिल्या. आमच्या बोलीत शिव्यांचा दुष्काळ नाही, हे तुम्हाला माहीत होतंच.

गॉथिकच्या तक्त्यात सगळी घरं भरली होती, एक सोडून: बान्स्त, तू बांधलंस. एका व्याकरणाच्या पुस्तकात ते रूप होतं आणि पुढे मूळ ग्रंथाचं कुठलंसं पान दिलेलं. पण ते पान मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयातच बघायला मिळणार होतं. शाळा सोडून तुम्हाला जाता येईना. आधी एकदा तुम्ही मला तिथे पाठवलं होतंत, स्वतःच्या हातचं ओळखपत्र देऊन, “ही माझी विद्यार्थिनी आहे, हिला पुस्तकं दाखवावीत.” परत आल्यावर तुम्ही ओट्यावरूनच विचारलंत, कसं वाटलं? मी म्हटलं, मोठं आहे. तुम्ही किती हसलात! “मोठं आहे म्हणते!” काकूंना आत जाऊन सांगितलंत. तर आता पुन्हा जायचं होतं, श्रावणातल्या अमावास्येनंतरच्या शनिवारी, सकाळच्या एसटीने. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही ते एक कार्ड माझ्या हातात दिलंत. “सापडलं तर ‘पाहिलं’. नाही सापडलं तर चांदणी. दोन्ही मला सारखंच.” सारखं नव्हतं ते. त्या रिकाम्या घरावर तुमचं बोट किती वेळा फिरायचं ते मी पाहत होते.

आणि शनिवारी सकाळी आमच्या खाडीच्या बांधाला खांड गेली, बांध मधेच फुटला. अमावास्येचं उधाण, त्यात वारा. खाडीचं पाणी दुपारच्या भरतीला चढणार हे पोरासोरांनाही कळत होतं. भात पोटरीला आलेलं. खारं पाणी एकदा आत शिरलं की ते पीक तर जातंच, जमीनही तीन-तीन वर्षं धड पिकत नाही. गावचा नियम असा की खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर. त्यात आजारी-बिजारी कारण चालत नाही, माणूस बदलून दुसरा द्यायचा. बाबांचा पाय खिळा लागून भोपळ्याएवढा सुजलेला, आई दहा दिवसांची बाळंतीण. दारात म्हातारा पाटील उभा. “तुमच्या घरचा कोन?” बाबा उठायला गेले तसे कळवळून खाली बसले. आई म्हणाली, “पोरगी येते. जा गो. आपला नंबर चुकला तं उद्या आपल्या शेतावर कोन उभा ऱ्हानार नाय.” मी एसटीसाठी नेसलेलं धुवट पातळ सोडलं, आईचं जुनं काष्टा घालून नेसले आणि निघाले.

त्या दिवसाचं सगळं अजून अंगात आहे. खांड दोन पुरुष रुंद होती आणि बघता बघता कडा ढासळत होत्या. आम्ही रांग धरली. मागून चिखलाचे गोळे यायचे, हातातून हातात, पुढचे लोक कमरेएवढ्या पाण्यात खुंट ठोकून त्यावर पेंढा आणि चिखल दाबायचे. कुणी बोलत नव्हतं. फक्त पाटील वरून ओरडायचा, “पानी चढतंय! हात चालवा! आरं हात!” एकदा सगळं भरलेलं एका दमात वाहून गेलं आणि एक बाई मटकन खाली बसून रडायला लागली. पाटलाने तिला शिवी दिली, तशी ती उठली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. भरती उतरायला लागली तेव्हा मला माझी बोटं मिटता येत नव्हती. खांड भरली ती सूर्य मावळायच्या थोडंसं आधी. अर्धं शेत वाचलं.

सोमवारी मी तुम्हाला कार्ड आणून दिलं. खाली ‘पाहिलं’, शनिवारची तारीख, माझी सही. तुम्ही ते दोन्ही हातांत धरलंत. चष्मा काढून पुसलात. “तू बांधलंस,” एवढंच म्हणालात, स्वतःशी, आणि तक्त्यातलं ते शेवटचं घर शाईने भरलंत. मी बघत उभी होते. प्रबंध द्यायला अजून चार महिने होते, सर. चार महिन्यांत मी रोज तुमच्या ओट्यावर येत होते. प्रबंध बांधायला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही विचारलंतसुद्धा, “सगळी कार्डं तपासलेली आहेत ना गं?” आणि मी म्हटलं, हो.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात बसले होते. काकूंनी शिरा करून झाकून ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने त्या झाकण उचलून बघत होत्या, शिरा पळून जाणार असल्यासारखा. पाचची एसटी आली, तुम्ही आला नाहीत. सहाची आली. फाटक वाजलं. तुम्ही ओट्याखाली बूट काढलेत, बराच वेळ पाय धुतलेत. काकू दारात. तुम्ही म्हणालात, “पुन्हा तपासून द्या म्हणाले.” काकू म्हणाल्या, “म्हणजे किती दिवस?” तुम्ही म्हणालात, “बघू.” मग काकूंनी शिरा वाढला आणि तुम्ही तो सगळा खाल्लात.

तिथे काय झालं ते मला काकूंनी सांगितलं, तेही तुम्ही गेल्यावर. परीक्षकांनी बाकीचं काम वाखाणलं म्हणे. मग एकाने त्या रूपावर बोट ठेवलं: हे कुठे मिळालं तुम्हाला? तुम्ही पान सांगितलंत. त्याने विचारलं, स्वतः पाहिलंत? तुम्ही म्हणालात, “पाहिलंय.” त्याने पुस्तक मागवलं, ते पान उघडलं आणि तुमच्यासमोर ठेवलं. पानावर ते नव्हतंच. मग तो म्हणाला, “मास्तर, अशी बाकीची किती?” तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर सुटला असतात. माझ्या विद्यार्थिनीने उतरवलं, एवढंच. तुम्ही म्हणालात, “चूक माझी आहे.” कॉलेजची जागा दुसऱ्या कुणाला गेली. प्रबंध तुम्ही पुन्हा कधी दिला नाहीत. ‘कॅट मॅट रॅट’ चालू राहिलं, पुढे सातेक वर्षं, एका सकाळी खडू हातात असतानाच छातीत कळ येऊन तुम्ही कोसळेपर्यंत.

त्या संध्याकाळी मात्र तुम्ही मला यातलं काहीच सांगितलं नाहीत. शिरा खाऊन झाल्यावर पेटीतून ते कार्ड काढलंत, ओट्याच्या उजेडात धरलंत, तारखेवर बोट ठेवलंत. मला कळलं की तुम्हाला कळलंय. त्या शनिवारी आमच्या गावची खांड गेली हे साऱ्या पनवेलला माहीत होतं, पाच गावची पोरं शाळेत आली नव्हती. बाबांचा पाय तुम्ही स्वतः येऊन पाहून गेला होतात, म्हणजे बांधावर आमच्या घरची मीच गेले असणार. आता फाडतील, मी मनात म्हटलं, आता माझ्यासमोर फाडतील. तुम्ही विचारलंत, “त्या दिवशी तुमचा बांध धरला का गं शेवटी?”

मी म्हटलं, “हो सर.”

“शेत वाचलं?”

“अर्धं.”

“बरं झालं,” तुम्ही म्हणालात, आणि कार्ड पेटीत ठेवलंत.

यानंतर आपण त्याबद्दल बोललो नाही. ट्रेनिंगला जाताना तुम्ही मला तुमची लाल पेन्सिल दिलीत. मी ती पोरांच्या वह्यांवर झिजवली, मग छत्तीस वर्षं तसल्याच दुसऱ्या घेत गेले. तुमच्यानंतर काकूंनी पेटी माझ्याकडे पाठवली, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की त्या कार्डावर तुम्ही नंतर कधीतरी शब्दाच्या आधी चांदणी काढून ठेवली आहे. खालचं माझं ‘पाहिलं’ मात्र खोडलं नाहीत. तसंच ठेवलंत, तारखेसकट.

आता तो बांध नाही, शेतही नाही. सरकारने जमीन घेतली, भराव पडला, आणि आज मी राहते ती सोसायटी अंदाजे आमच्या खाचरावरच उभी आहे. भावाचा नातू म्हणतो, आत्ती, आपल्या पार्किंगच्या खाली तुझं भात असेल. निवृत्तीच्या समारंभात मी ही गोष्ट सांगितली होती, सर. खांड, पाण्यातली रांग, तुमचा तो प्रश्न, सगळं. मी सांगितलं की गाव वाचवताना माझ्याकडून गुरूशी खोटं झालं, आणि गुरूने ते पोटात घातलं. सभागृहात बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, असा गुरू आणि अशी शिष्या आता होणे नाही. मी नारळ घेतला, शाल घेतली आणि घरी येऊन ती शाल न उघडताच कपाटाच्या तळाशी टाकली.

कारण ती गोष्ट तशी नाही. आणि ज्याने ती पोटात घातली त्यालाही ती तशी ठाऊक नव्हती.

पहिल्यांदा तुम्ही मला त्या ग्रंथालयात पाठवलंत ना, तेव्हा दारावरच्या माणसाने तुमची चिठ्ठी वाचली आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत भाकरी आणि सुकट होती. तो मोठ्याने म्हणाला, “बाई, हा मासळी बाजार नाही. हात धुऊन ये, मग पुस्तकाला लाव.” मी हात धुऊन आले. त्याने हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, “पुन्हा.” तीन वेळा धुतले. मी बसले तशी टेबलावरची दोन माणसं उठून दुसरीकडे गेली. तुमची पाच कार्डं मी तिथे बसून तपासली, एकही चूक न करता, आणि भाकरी बाहेर गटारात टाकली. तुम्हाला म्हटलं, मोठं आहे. तुम्ही एवढे हसत होतात, तुमच्या चिठ्ठीने मला कुठे नेऊन पोचवलं याचा तुम्हाला एवढा अभिमान होता, की मला ते सांगवेना. आणि तुम्ही ज्या ताटात मला जेवायला देत होतात, त्या ताटासमोर बसून ते कसं सांगणार होते?

तर शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कार्ड दिलंत. मी घरी निघाले, आणि खाडीच्या वाटेवर मैलाच्या दगडावर बसून, शाईचं पेन काढून, उजव्या कोपऱ्यात ‘पाहिलं’ लिहिलं. दुसऱ्या दिवसाची तारीख घातली, सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. शनिवारी एसटीने जायचं, दिवसभर कुठेतरी बाकावर बसायचं आणि परत यायचं, असं ठरवून उठले. तेव्हा वारासुद्धा सुटला नव्हता.

हे पत्र मी पेटीत त्या कार्डाच्या मागे ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुम्ही मला बांधासाठी माफ केलंत, सर. बांध फुटला नसता तरी मी गेले नसते.